पोटातली काळी रेघ

४ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. या पत्राचं कारण तूच. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी हो-हो म्हणतो, ठेवून देतो आणि मग राहिलेलं दिवसभर मनात बोलत बसतो. त्यातून डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुला पालथंच झोपवून ठेवलेलं. म्हणून कागद घेतला. तुझ्या सासूबाई वाचून दाखवतील. त्यांनी शाळेत तीस वर्षं मुलांचं अक्षर सोसलं आहे, माझंही सोसतील.

तुझी आठही भांडी खुशाल आहेत. काचेच्या पेटीत, तळाशी मिठाचं पाणी, वर जाळीची झाकणं, प्रत्येकावर तू लावून घेतलेली रंगीत पट्टी. लाल, निळी, पांढरी, काळी, हिरवी, पिवळी, जांभळी, नारिंगी. प्रत्येकात वीस गोचिड्या, तिळाएवढ्या. मी रोज सकाळी हात जोडतो, मग हातमोजे चढवतो, मग पेटी उघडतो. तू हसशील, पण पंचवीस वर्षं हाच क्रम आहे, आता मोडवत नाही.

कोणत्या रंगात कोणते जंतू, हे मला माहीत नाही आणि ते बरं आहे. माहीत असतं तर मी नकळत तुझ्या बाजूने मोजलं असतं. मी भाऊ आहे, तराजू नाही.

प्रयोगशाळेचे सर परवा खोलीत आले होते. म्हणाले, "तुमच्या डॉक्टरीणबाईंच्या गोचिड्यांचा उपास कधी सुटणार? पेटीखालची फळी मला पाहिजे." मी म्हटलं, "सर, त्या आल्या की." ते म्हणाले, "त्या केव्हा येतील ते डोळ्याचा डॉक्टर सांगेल. फळी पंधरा जुलैला नव्या कामाला देतोय, ते मी सांगतो."

तेव्हा मोजणी कधी करायची, कळव.

तुझा दादा

*

११ मार्च

दादा,

मी बोलतेय, आई लिहितायत. (नमस्कार. मी लिहिते आहे, पण मला न समजलेलं मी कागदावर उतरवणार नाही, असं आधीच सांगितलं आहे. त्यामुळे आज सकाळी एक तास माझा वर्ग झाला. — सासूबाई)

वर्ग कसला, परीक्षा! पलंगाच्या भोकात तोंड घालून मी फरशीशी बोलत होते आणि आई वरून प्रश्न विचारत होत्या. पण तुलाही एकदा नीट सांगायला हवंच होतं. तू सांभाळतोस ते काय, हे तुला कुणी धड सांगितलंच नाही.

गोचीड रक्त पिते ते अख्ख्या आयुष्यात तीनदा. एका जेवणापासून दुसऱ्यापर्यंत महिनोन्‌महिने उपाशी. तिच्या पोटात राहणारा आपला जंतू, तो मळसूत्रासारखा पिळाचा, तोही तितकाच उपाशी. मग तो मरत का नाही? माझं म्हणणं असं, की अन्न संपत आलं की तो आत दवंडी पिटतो. एक छोटासा रेणू बनवतो. तो रेणू सगळीकडे फिरतो आणि मग जनुकांचा कारभारच बदलतो. वाढायची, नवीन बांधायची जनुकं बंद. गोचिडीच्या अंगातलं ग्लिसरीन खाऊन दिवस काढायची जनुकं चालू. (मी विचारलं, म्हणजे घरात दुष्काळ आहे हे कळलं की सून नवीन पडदे शिवायचं थांबवते आणि कोठीतले जुने डबे उघडते. ती म्हणाली, अगदी तसंच. पूर्ण मार्क मला मिळाले.)

चार भांड्यांत साधा जंतू आहे, दवंडीवाला. उरलेल्या चारांत ज्याचं दवंडीचं जनुक मी काढून टाकलं तो, मुका. त्याच्या घरात दुष्काळ पडला तरी त्याला पत्ता नाही, तो मेजवानी चालू असल्यासारखाच वागतो. माझं खरं असेल, तर उपाशी गोचिडीत मुका टिकणार नाही. सात वर्षं या एका वाक्यासाठी गेली, दादा. काचेच्या नळीत दाखवलं. पण नळी म्हणजे गोचीड नव्हे, असं सगळे म्हणतात आणि बरोबर म्हणतात.

गोचिड्यांनी कात टाकल्याला पंधरा तारखेला नव्वद दिवस होतात. त्या दिवशी आठही भांडी मोजणीला घे. एकेक गोचीड खलात वाटून एकेका नळीत, भरपूर अन्नात. तीन आठवड्यांनी ज्या नळीत जंतू पोहताना दिसतील, ती गोचीड जिवंत जंतूची. कुठल्या रंगात कोण, ते मलाही ठाऊक नाही; पट्ट्या एका विद्यार्थिनीकडून लावून घेतल्या, तिने यादी पाकिटात बंद केली आणि ते पाकीट मी ऑपरेशनला जाताना आईंकडे दिलंय.

मला इथून धावत यावंसं वाटतंय!

धाकटी

(धावणार कशी, ते मी बघते. — सा.)

*

९ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद. आईंना नमस्कार.

नळ्या बघितल्या. काळोख्या पार्श्वभूमीवर ते पांढरे पीळ सळसळताना दिसले की अजूनही माझा श्वास अडकतो. शाळेत गुरुजींनी पहिल्यांदा भिंगातून मुंगीचा पाय दाखवला होता तेव्हा अडकला होता, तसाच.

तरीही आकडे लिहायला हात उचलत नाही. प्रत्येक भांड्याच्या विसांपैकी जिवंत निघाले ते असे. हिरवं सतरा. पिवळं सोळा. जांभळं अठरा. नारिंगी सोळा.

म्हणजे सगळी जवळपास सारखीच. सर माझ्या खांद्यावरून वाकून बघून गेले.

इकडे हवा चांगली आहे. कॉरिडॉरमधली गळकी टाकी अखेर दुरुस्त झाली. तुझ्या टेबलावरची धूळ मी पुसतो, कागद हलवत नाही. डोळ्याला जप.

दादा

*

१६ एप्रिल

दादा,

(ती रडायची नाही असं ठरलं आहे, डोळ्याला ताण नको म्हणून. त्यामुळे ती रडत नाही आणि मलाही रडू देत नाही. पुढचं तिचं.)

संपलं. मुका आणि दवंडीवाला सारखेच टिकले, म्हणजे दवंडीची गरजच नाही. पाकीट उघडायचंही कारण उरलं नाही. नळीत जे दिसलं ते नळीपुरतं. सात वर्षं मी काचेशी बोलत होते.

सरांना आज पत्र लिहिलंय, की फळी लगेच घ्या. जे काही उरलं असेल ते सगळं वाफेच्या यंत्रात घालून टाक. मिठाचं पाणीसुद्धा ओतून दे. मला आठवण नको.

तुझा दोष नाही. तू सांगितलं तसंच केलंस. तूच नेहमी सांगितलं तसं करतोस.

धाकटी

*

२० एप्रिल

चि. धाकटीस,

तुझं शेवटचं वाक्य वाचून मला बसायला जागा सुचेना. कारण मी सांगितलं तसं केलेलं नाही.

तू आठ भांडी म्हणालीस. मी चारच मोजली. लाल, निळं, पांढरं आणि काळं अजून पेटीत आहेत, जिवंत. मागच्या पत्रात चारच आकडे लिहिले. तुला ते ऐकताना खटकेल असं वाटलं होतं, खटकावं अशी आशाही होती. तू दुःखात मोजायची विसरलीस आणि मी भित्रा निघालो.

आता का, ते सांगतो. पंधरा मार्चला सकाळी एकेक गोचीड भिंगाखाली धरली. तुला माहीत आहे, या वयाच्या गोचिडीची पाठ पातळ कागदासारखी असते, आतलं पोट आरपार दिसतं. सगळ्यांच्या पोटात अजून काळी रेघ होती. फाटे फुटलेली, शाईने काढल्यासारखी. ते मागच्या जेवणाचं रक्त. नव्वद दिवस झाले होते, पण त्या उपाशी नव्हत्या गं. त्यांचा डबा अजून संपला नव्हता.

मी आठवड्यातून एक दिवस उपास करतो, वडील करायचे म्हणून. आदल्या संध्याकाळचं जेवण दुपारपर्यंत पुरतं. उपास कॅलेंडरवर सकाळी सुरू होतो, पोटात दुपारी. हे मला अंगाने ठाऊक आहे. पण डॉक्टर झालेल्या बहिणीला हे कुठल्या तोंडाने सांगणार? माझी शाळा सातवीपर्यंत. म्हणून अर्धा तुझा हुकूम पाळला आणि अर्धा माझा हट्ट.

माझ्याकडे एक वही आहे. कुणी सांगितलेली नाही, अशीच. वीस वर्षांत ज्या ज्या गोचिड्या सांभाळल्या, त्यांच्या पोटाचा रंग आठवड्याला लिहीत गेलो. काळं, तपकिरी, राखाडी, स्वच्छ. आपल्या खोलीच्या थंडाव्यात स्वच्छ व्हायला कात टाकल्यापासून सहा महिन्यांच्या वर लागतात.

तू म्हणशील तर उद्याच यंत्रात घालतो. पण तू एकदा हो किंवा नाही म्हण. रागाव, चालेल.

दादा

*

२५ एप्रिल

दादा!!

(ही दोन चिन्हं तिने मुद्दाम काढायला लावली. मी मुलांना एकच काढायला शिकवलं.)

आधी रागावते. प्रयोग असा अर्धा करतात का? सांगितलं का नाहीस? मी दहा दिवस मेल्यासारखी पडले होते आणि चार भांडी पेटीत मजेत! मी तिथे असते तर तुझी वही तुझ्याच डोक्यावर आपटली असती.

आता ऐक. तू बरोबर आहेस. तू इतका बरोबर आहेस की मला पालथं पडल्या पडल्या नाचावंसं वाटलं. (नाचली. उशी खाली पडली. मी दम दिला.) नळीत मी जंतू धुऊन घेते, अन्न एका क्षणात नाहीसं होतं, दुष्काळ लगेच. गोचिडीत दुष्काळ असा टाळी वाजवून येत नाही, थेंबाथेंबाने येतो. आणि मी मूर्ख कॅलेंडर बघून मोजलं! दवंडी वाजायची वेळच आली नव्हती, मग मुका आणि बोलका सारखेच असणार! सात वर्षांत मी एकदाही एका गोचिडीच्या पोटात डोकावून बघितलं नाही. तू वीस वर्षं बघतोयस आणि आपण एकाच डब्यातलं जेवतो!

पण एक भीती. तू चार भांडी कशी निवडलीस? चिठ्ठ्या टाकून? उरलेली चारही एकाच जातीची निघाली तर तुलना कशाशी करणार? पाकीट उघडलं तर कळेल, पण मला किंवा तुला कळलं की मोजणी गढूळ झाली.

मग आईंनीच तोडगा काढला. (मी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका सांभाळल्या आहेत. नवऱ्यालाही कधी प्रश्न सांगितला नाही. पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेले, दार लावलं, वाचलं, पुन्हा डकवलं. बाहेर येऊन एवढंच सांगितलं: उरलेल्या चारांत दोन हे, दोन ते. यापुढे मला कुणी काही विचारू नये.)

दोन-दोन, दादा! तुझी ती चार भांडी कुणी निवडली, तुझ्या देवाने?

सरांना मी नवीन पत्र घातलंय. पंधरा जुलैपर्यंत फळी आपली. पोट स्वच्छ होईपर्यंत थांब.

धाकटी

*

१८ जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद. घाईत लिहितो.

सर हो म्हणाले. माझी वही त्यांनी उभ्यानेच चाळली, मग खुर्ची ओढून बसले. जाताना म्हणाले, "हे इतकी वर्षं दाखवलं का नाहीत?" मी म्हटलं, "कुणी विचारलं नाही." ते खजील झाले, मग मलाच वाईट वाटलं.

आता अडचण. रंग राखाडी झाला आहे, स्वच्छ अजून नाही. आणि गोचिड्या मरू लागल्या आहेत. कालपर्यंत ऐंशीतल्या पंच्याहत्तर होत्या, आज चौऱ्याहत्तर. मेलेली गोचीड मोजता येत नाही. थांबावं तर मरतील, घाई करावी तर मार्चचीच चूक पुन्हा. रोज सकाळी पेटी उघडताना छाती धडधडते. या वयात कुणासाठी अशी धडधडेल असं वाटलं नव्हतं, आणि धडधडते कुणासाठी, तर गोचिडीसाठी.

कधी मोजू?

दादा

*

२३ जून

दादा,

उद्या त्याच डोळ्याचं दुसरं ऑपरेशन. पडदा पुन्हा थोडा सुटलाय. डॉक्टर म्हणतात, यावेळी बसला तर बसला. मी घाबरलेय, पण गंमत बघ, त्याहून जास्त मला काय सुचतंय तर राखाडी पोटं.

कधी मोजायचं ते तू ठरव. मी पुस्तकातून सांगेन, तू बघून सांगशील. सध्या मला डोळे आहेत ते तुझेच. मला विचारू नकोस, सरांना विचारू नकोस. ज्या सकाळी तुला वाटेल की आता डबा संपला, त्या सकाळी.

धाकटी

(तुम्ही तुमची काळजी घ्या. इकडची मी घेते. रंगांबद्दल विचाराल तर उत्तर मिळणार नाही. — सा.)

*

२१ जुलै

चि. धाकटीस,

ऑपरेशन नीट झालं, हे आईंच्या कार्डावरून कळलं. ते कार्ड खिशात घालूनच मोजणी केली.

तीस जूनला सकाळी लाल भांड्यातली पहिली गोचीड भिंगाखाली धरली आणि आत काहीच नव्हतं. रेघ नाही, डाग नाही. पावसाने धुतलेल्या काचेसारखी. दुसरी तशीच, तिसरी तशीच. चारही भांडी बघितली. मग मी खुर्चीत बसून एक मिनिट डोळे मिटले आणि उठून वाटायला घेतलं. प्रत्येक रंगाच्या पंधरा. उरलेल्या जिवंत होत्या त्या बाजूला राखल्या, आपण पेरणीचं बी राखतो तशा.

सहाव्या दिवशी नळ्यांत पीळ दिसेनात. सगळीकडे बारीक गोळेच गोळे. मी सरांना बोलावलं. सर आले, बघितलं, म्हणाले, "उपाशी राहिला की हा असा गुंडाळी करून बसतो. अन्न पोचलं की उठतो का, तेच बघायचंय. थांबा." मग नवव्या दिवशी, धाकटे, एक गोळा माझ्या डोळ्यांदेखत उलगडला. आधी एक टोक बाहेर आलं, चाचपडलं, मग सगळा पीळ सरळ झाला आणि तो पोहत सुटला. मी ओरडलो. त्या खोलीत पंचवीस वर्षांत मी ओरडलो नव्हतो. सर धावत आले, त्यांना वाटलं गोचीड चावली.

तो लाल भांड्यातल्या गोचिडीचा होता. पण तो मुका की बोलका, ते मला ठाऊक नाही. उलटं निघालं तरी ते खरंच असेल, असं मी मनाला चार दिवस बजावतो आहे. मन ऐकत नाही.

पंधरांपैकी जिवंत:

लाल तेरा.
निळं दोन.
पांढरं एक.
काळं बारा.

पाकीट उघडा.

दादा

*

२६ जुलै

तुम्हाला नमस्कार.

हे पत्र पूर्ण माझं आहे. ती बोलायच्या स्थितीत नाही, कारण पुढे येईल.

तुमचं पत्र आज दुपारी आलं. ती पालथी होती, मी खुर्चीवर बसून वाचत होते. ती सारखी मध्ये बोलत होती. "दादा ओरडला? गोळा किती वेळात उलगडला? आई, हळू वाचा. आई, भरभर वाचा." मी म्हटलं, एक काहीतरी ठरव.

मग आकडे आले. मी शाळेत तीस वर्षं निकाल वाचले. कुणाचा काय निकाल, हे चेहऱ्यावर कधी दिसू दिलं नाही. मुख्याध्यापक म्हणायचे, बाईंचा चेहरा म्हणजे कुलूप. तीन महिने ते रंग पोटात घेऊन मी तुमच्या बहिणीला भरवलं, न्हाऊ घातलं, तिच्या शंभर प्रश्नांना दाद दिली नाही. देवापुढे हात जोडतानाही रंगांचा उच्चार केला नाही.

"लाल तेरा," मी वाचलं. "निळं दोन." आणि तुम्हाला सांगते, माझा आवाजच फुटेना.

माझा चेहरा तिला दिसत नव्हता, ती फरशीकडे बघत होती. पण आवाज थांबलेला तिने ऐकला. हळूच म्हणाली, "आई, तुम्ही रडताय. का रडताय ते सांगा. आधी सांगा!"

पाकीट आणायची गरजच नव्हती, पण नियम म्हणून आणलं, तिच्या हातात दिलं, तिने फाडलं, मी वाचलं.

लाल, दवंडीवाला. काळं, दवंडीवाला. निळं, मुका. पांढरं, मुका.

उलटं नाही. तिचं म्हणणं खरं निघालं.

ती हसायला लागली ती थांबेना. हसून हसून उचकी लागली. डॉक्टरांनी हादरे द्यायचे नाहीत असं बजावलंय, म्हणून मी पाठीवर हात दाबून बसले, तर मीच हसायला लागले. शेजारीण डोकावून गेली.

तिचा निरोप जसाच्या तसा लिहिते. शोधनिबंधात पहिलं चित्र तुमच्या वहीचं असेल. काळं, तपकिरी, राखाडी, स्वच्छ. भूक दिवसांत नाही, रंगात मोजायची. आणि लेखकांत तुमचं नाव तिच्या नावाशेजारी. "नको म्हणालास तर वही डोक्यावर आपटेन," असंही आहे.

आणि आज सकाळी, पत्र यायच्या आधी, डॉक्टरांनी पट्टी काढून बोटं दाखवली. तिने तीन म्हटलं. तीनच होती.

सासूबाई

*

१ ऑगस्ट

चि. धाकटीस आणि आईंना,

पत्र मी खोलीत उभ्यानेच वाचलं, मग सरांना वाचून दाखवलं, मग झाडलोट करणाऱ्या बाईंना. त्यांना गोचिड्यांचं काही कळलं नाही, पण तीन बोटांचं कळलं आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला.

आईंनी तीन महिने जे पोटात ठेवलं, त्यापुढे गोचिडीचा उपास काहीच नाही. त्यांना माझा वाकून नमस्कार.

नावाचं म्हणशील, तर नाही म्हणत नाही. फक्त वडिलांचं नाव पूर्ण घाल. उपास त्यांनी शिकवला.

फळी रिकामी केली. सर म्हणाले, आता एक भांडं ठेवलंत तरी चालेल. लाल ठेवलं. त्यात राखलेल्या चार गोचिड्या आहेत. पोट काचेसारखं. आत ते जंतू गोळा होऊन, सगळा कारभार बंद ठेवून, वाट बघत बसले असतील. मागच्या वर्षीपासून त्यांनी काही खाल्लेलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांना उंदीर दाखवतो. पोटात रक्त उतरताना बघायचंय.

तूही सोमवारी पोटभर जेव.

दादा